वह्या पुरे झाल्या, आता बैठकीला या

गेल्या जूनमध्ये शाळा उघडल्या त्या आठवड्यात आम्ही सहा मित्र आमच्या खाडीकाठच्या गावातल्या जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत वह्या वाटायला गेलो. दोनशे वह्या, पेन्सिलींची पाकिटं आणि अर्थातच एक बॅनर. मुख्याध्यापिकाबाईंनी मुलांना रांगेत उभं केलं, फोटो झाला, शुक्रिया झालं. मग त्यांनी कपाट उघडून दाखवलं. आमच्या आधी दोन मंडळं येऊन गेली होती. खालचे दोन कप्पे वह्यांनी भरलेले होते.

"बेटा, वह्या खूप झाल्या. माझ्याकडे बैठकीला माणूस येत नाही," बाई म्हणाल्या.

बैठक म्हणजे शाळा व्यवस्थापन समितीची. ती कागदावर दर महिन्याला होत होती. प्रत्यक्षात पाचवीतला एक मुलगा रजिस्टर घेऊन घरोघरी सह्या आणायचा. मी रजिस्टर चाळलं. त्यात माझ्या भाभीची सही पाच वेळा होती. घरी जाऊन विचारलं, तर ती म्हणाली, "शाळेतून वही आली की सही करायची, एवढंच माहीत." माझी पुतणी त्याच शाळेत शिकते. दुसऱ्या शिक्षकाची जागा वर्षभर रिकामी होती, स्वच्छतागृहाच्या नळाला पाणी नव्हतं, आणि आम्ही तिथे बॅनर धरून उभे होतो.

मुस्लीम तरुण समाजासाठी काही करत नाहीत, हे मला कधीच पटलं नाही. आपण भरपूर करतो. रमजानात रेशनची किट बांधतो, इफ्तारची ताटं लावतो, इज्तेमाला गाड्या लावून देतो, पूर आला की कंबरभर पाण्यात उतरतो. माझं भांडण वेगळंच आहे. जिथे वस्तू द्यायची आणि निघायचं, तिथे आपण धावतो. जिथे बसायचं, वाचायचं, विचारायचं आणि पुढच्या महिन्यात पुन्हा यायचं, तिथे आपल्यापैकी कुणी नसतं. आणि ज्या खुर्च्या कायद्याने आपल्या घरच्यांसाठी राखून ठेवल्या आहेत, त्याच रिकाम्या आहेत.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणमध्ये शिरलं. पाणी ओसरल्यावर आम्ही फावडी घेऊन गेलो. पहिले चार दिवस माणसांची कमी नव्हती. कुठून कुठून ट्रक आले, पाण्याच्या बाटल्या आल्या, जुन्या कपड्यांचे ढीग आले. कोण हिंदू, कोण मुसलमान हे चिखलात कुणी पाहिलं नाही. पण खरी अडचण तिसऱ्या आठवड्यात सुरू झाली. पंचनाम्याच्या यादीत कुणाचं नाव राहिलं होतं, कुणाचा खाते क्रमांक चुकला होता, कुणाचं रेशनकार्ड आणि आधार दोन्ही वाहून गेलं होतं. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना तर आपण यादीत आहोत की नाही हेही कळत नव्हतं. तेव्हा गरज होती ती अर्ज लिहून देणाऱ्याची, कार्यालयात दोन तास थांबणाऱ्याची, पोच घेऊन येणाऱ्याची. पहिल्या दिवशी आम्ही चाळीस जण होतो. तिसऱ्या आठवड्यात दोघं उरलो. अर्ज लिहितानाचा फोटो कुणी काढत नाही, हे एक कारण. दुसरं कारण असं की, आपल्याला ते काम खिदमत वाटतच नाही.

याहून जास्त खुपणारी एक गोष्ट आहे. आपल्या मदतीच्या प्रत्येक बातमीला आता एक शेपूट असतं: "पाहा, मुस्लीम तरुणांनी हिंदू बांधवांना मदत केली." कोविडच्या काळात आपल्या मुलांनी इतर धर्मीयांचे अंत्यविधी केले, तेव्हाही हेच झालं. बातम्या चांगल्या मनाने लिहिलेल्या होत्या, मान्य. पण आपणही त्या फॉरवर्ड करू लागलो, जणू ते चांगल्या वर्तणुकीचं प्रमाणपत्रच. शेजाऱ्याच्या मयतीला खांदा देणं हा शेजारधर्म आहे. तो कुणाला दाखवण्यासाठी नसतो. जो आपली निष्ठा सिद्ध करायला मदत करतो, तो प्रमाणपत्र मिळालं की थांबतो, आणि नाही मिळालं तर चिडून थांबतो. नागरिक म्हणून जो येतो, त्याला थांबायचं कारण नसतं. शाळा त्याची असते, नळ त्याचा असतो, रस्ता त्याचा असतो.

यावर काही भाऊ म्हणतात, आपली ताकद आधी कौमसाठी वापरू, बाहेरच्यांच्या कमिट्यांत कशाला? त्यांना मी सीरतमधला हिल्फुल फुझूल आठवायला सांगतो. पैगंबरी मिळण्याच्या आधीची गोष्ट. मक्केत बाहेरून आलेल्या एका व्यापाऱ्याचा माल एका बड्या माणसाने घेतला आणि पैसे बुडवले. तेव्हा काही घराण्यांची माणसं अब्दुल्लाह इब्न जुदआनच्या घरी जमली आणि त्यांनी करार केला की मक्केत ज्याच्यावर अन्याय होईल त्याच्या बाजूने उभं राहायचं, मग तो आपल्यातला असो वा परका. तरुण मुहम्मद (स.) त्या करारात सामील होते. पुढे इस्लाम आल्यावरही, अशा कराराला बोलावलं तर आपण जाऊ, असं त्यांनी सांगितल्याचं नोंदलेलं आहे. तिथे किट वाटलं गेलं नव्हतं. शहराच्या कारभारात एक चूक झाली होती आणि ती दुरुस्त करायला माणसं एकत्र बसली होती. आपण मात्र या सुन्नतीला जलशातल्या भाषणापुरती ठेवली.

दुसरं कारण जास्त खरं आहे: "आपल्याला तिथे कोण विचारतं?" हे मी उडवून लावणार नाही. मी पहिल्यांदा ग्रामसभेत उठून पाण्याच्या लाईनबद्दल बोललो, तेव्हा मागून आवाज आला, "मोहल्ल्याचं नंतर बघू." कान तापले. पण ती लाईन मोहल्ल्यात यायच्या आधी दोन वाड्यांतून येते, आणि त्या वाड्यांतही पाणी कमीच होतं. पुढच्या सभेला त्या वाडीतले दोघं माझ्याआधी बोलले. मी घरी बसलो असतो तर "मोहल्ल्याचं" हा शब्दच कायम राहिला असता.

आणि खरं सांगायचं तर आपल्या घरात तरी आपल्याला कोण विचारतं? जमातीच्या बैठकीला पोरांना चहा वाटायला बोलावतात. हिशेब विचारला की "आजकालची मुलं" सुरू होतं. बहुतेक ठिकाणी बायकांना तर त्या खोलीची पायरीही माहीत नाही. शाळा व्यवस्थापन समितीत मात्र निम्म्या सदस्य महिला असल्या पाहिजेत, असं शिक्षणहक्क कायदाच सांगतो. जो मान आपल्या जमातींनी आपल्या बहिणींना दिला नाही, तो २००९ च्या एका कायद्याने दिला, आणि आपण घरी रजिस्टर पाठवून तोही सहीपुरता करून टाकला.

मग जायचं कुठे? लांब जायची गरज नाही.

पहिली जागा सरकारी शाळेची. जिल्हा परिषदेच्या किंवा पालिकेच्या शाळेत समितीचे किमान ७५ टक्के सदस्य पालक असतात. शाळेच्या कामावर देखरेख, विकास आराखडा, अनुदान कसं खर्च होतं हे पाहणं, ही त्यांची कामं. तुम्ही पालक नसाल तर सदस्य होता येईलच असं नाही. पण तुमची भाभी, आपा, खाला सदस्य आहे का ते विचारा. बैठकीच्या आधी तिला विषय वाचून दाखवा, त्या दोन तासांत तिचं लहान मूल सांभाळा. हेही स्वयंसेवेचंच काम आहे.

दुसरी जागा ग्रामसभेची. वर्षात किमान चार होतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे नेहमीचे दिवस. त्याआधी महिलांची वेगळी सभा असते. झेंडावंदनाला आपण जातो, फोटो टाकतो आणि सभा सुरू व्हायच्या आत घरी येतो. तसं करू नका, थांबा.

तिसरी जागा मतदारयादीची. आता नाव नोंदवायला वर्षात चार अर्हता तारखा आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. नव्या नावासाठी नमुना ६, दुरुस्ती आणि पत्ताबदलासाठी नमुना ८. 'शेख'चं 'शेक' झालेलं, लग्नानंतर पत्ता बदललेला, मेलेल्या माणसाचं नाव तसंच राहिलेलं, हे घरोघरी बसून तपासायचं काम आहे. आपल्याच गल्लीत थांबू नका, शेजारच्या आळीचीही यादी घ्या.

चौथी जागा रेशन दुकानाची. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात दुकानाच्या पातळीवर दक्षता समितीची तरतूद आहे. तुमच्या दुकानाच्या समितीत कोण आहेत, शेवटची बैठक कधी झाली, हे विचारा. उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज आहे, आणि उत्तराला ३० दिवसांची मुदत आहे.

यातलं कुठलंही काम चाळीस जणांचं नाही. हमीद दलवाई चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. १८ एप्रिल १९६६ ला त्यांनी मुंबईत तलाकपीडित मुस्लीम स्त्रियांचा मोर्चा विधिमंडळावर नेला, तेव्हा त्यात फक्त सात जणी होत्या. दलवाईंची सगळी मतं तुम्हाला पटायलाच हवीत असं नाही. पण त्या सात जणींनी आधी गर्दी जमू दे असं म्हटलं नाही, एवढं तरी घ्या.

आमच्या शाळेचं काय झालं? ऑगस्टच्या बैठकीला पाच आया आल्या. मी उत्साहाने बोलायला लागलो, तेव्हा मुख्याध्यापिकाबाईंनी मला गप्प केलं, "तू मदतीला आलायस. आयांना बोलू दे." भाभीने नळाचा विषय काढला. दुसऱ्या एकीने शिक्षकाच्या रिकाम्या जागेचा ठराव मांडला, मी तो मराठीत लिहून दिला आणि पंचायत समितीत देऊन पोच घेतली. नळ दोन महिन्यांत सुरू झाला. शिक्षक अजून आलेला नाही. दर बैठकीत तो विषय पुन्हा घेतला जातो, आणि प्रत्येक पत्राची पोच भाभी एका फाईलमध्ये लावते. आता रजिस्टर घेऊन कुणी मूल घरी येत नाही.

या रमजानात किट जरूर वाटा, भुकेल्याला तेही हवंच. पण ईदनंतरच्या सोमवारी जवळच्या सरकारी शाळेत जा आणि एकच प्रश्न विचारा: समितीची पुढची बैठक कधी आहे? बॅनर घरी ठेवा. वही मात्र न्या, एकच, स्वतःसाठी.