‘गिडीनेस’ नको, काय होतं ते सांगा

“डॉक्टर, गिडीनेस आहे.” रोज दोन-चार पेशंट तरी हे म्हणतात. “म्हणजे नेमकं काय होतं?” असं विचारलं की उत्तर येतं, “गिडीनेसच हो!”

या एका शब्दात चार वेगळ्या तक्रारी कोंबलेल्या असतात. गंमत म्हणजे मराठीत प्रत्येकीला स्वतंत्र शब्द आहे. घर गरगरतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, भोवळ येऊन पडलो, चालताना तोल जातो. खेड्यातली आजी हे अचूक सांगते; शिकलेला मुलगा मध्येच म्हणतो, “तिला गिडीनेस होतो.” मी त्याला गप्प बसवतो.

कूस बदलताना किंवा वर बघताना मिनिटभराच्या आत थांबणारं गरगरणं बहुतेकदा कानातले कॅल्शियमचे कण जागचे हलल्याने होतं. डोकं ठराविक पद्धतीने वळवण्याची एप्ले क्रिया केली की ते अनेकदा एक-दोन बैठकींत थांबतं. मानेचा एक्स-रे काढून ‘मणक्याचं आहे’ म्हणण्याची पद्धत मला पटत नाही.

अंधारीचं वेगळं. सत्तरीचे एक काका आले, हात थरथरत होते, चाल मंदावली होती. गिडीनेससाठी सिनारिझिनची गोळी कित्येक महिने चालू होती. खोदून विचारलं तर त्रास फक्त सकाळी उठून उभं राहताना. झोपून आणि उभं करून बीपी मोजलं. वरचा आकडा तीसने उतरला. दोन डॉक्टरांच्या मिळून बीपीच्या तीन गोळ्या चालू होत्या. त्यातली एक कमी केली, अंधारी थांबली. सिनारिझिन बंद केल्यावर थरथरही हळूहळू गेली. म्हातारपणी ही गोळी लांबवली तर कंपवातासारखी लक्षणं येऊ शकतात. दोष एकट्या पेशंटचा नाही. शब्द ऐकला की आम्हीही गोळी लिहून मोकळे होतो. (म्हणून आपल्या मनाने बीपीची गोळी मात्र बंद करू नका.)

शुद्ध हरपून पडलात तर ईसीजी हवाच. डायबेटिसवाल्यांनी घाम, थरथर असेल तर आधी शुगर बघावी.

आणि अचानक तोल जाऊन चालताच येईना, बोलणं जड झालं, एकाचे दोन दिसू लागले, तर चक्करेची गोळी घेऊन झोपू नका. तो लहान मेंदूचा स्ट्रोक असू शकतो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. थेट मोठ्या हॉस्पिटलात जा, आणि त्रास किती वाजता सुरू झाला ते तिथे सांगा.