मधुमेहाचें औषध आणि जेवणाची वेळ

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं मधुमेहाचें औषध टोंचून घेणारें एखादें वडील माणूस असतें. सुई सारखी, म्हणून औषधही सारखेंच, असा समज मात्र कोणीं करून घेऊं नये. इन्शुलिन आणि अलीकडील ‘जीएलपी-१’ जातीचीं औषधें शरीरांतील संप्रेरकांवरूनच बेतलेलीं असलीं, तरी त्यांचे स्वभाव भिन्न आहेत. आणि ज्या घरांत जेवणाची वेळ नैवेद्य व एकादशी यांवर ठरते, त्या घरानें तर हा भेद जाणलाच पाहिजे.

इन्शुलिन हा स्वादुपिंडाचा स्राव. तो रक्तांतील साखर स्नायूंत व मेदांत पोंचवितो आणि यकृताला जादा साखर सोडूं देत नाहीं. टोरांटो येथें १९२१ सालीं बँटिंग व बेस्ट यांनीं तो वेगळा काढला, आणि १९२२ च्या जानेवारींत लिओनार्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला तो प्रथम टोंचण्यांत आला. असे असंख्य जीव या औषधानें वांचविले आहेत. परंतु एकदां टोंचल्यावर पान वाढलें आहे कीं नाहीं, हें तें पाहत नाहीं.

जीएलपी-१ हा आंतड्याचा स्राव. अन्न पोटांत गेल्यावर तो उत्पन्न होतो व कांहीं मिनिटांतच नाश पावतो. म्हणून त्याच्यासारखींच, पण टिकाऊ औषधें करावीं लागलीं. त्यांतील पहिलें, एक्सेनॅटाइड, अमेरिकेंत २००५ सालीं मान्य झालें. हीं औषधें साखर वाढलेली असेल तेव्हांच स्वादुपिंडास इन्शुलिन सोडावयास लावतात, जठर सावकाश रितें करतात व भूक मंदावतात. सबब तीं एकटीं घेतल्यास साखर फार उतरण्याचें भय थोडें. मात्र जोडीला इन्शुलिन किंवा सल्फोनिल्युरिया जातीच्या गोळ्या असल्यास तें भय पुन्हां उभें राहतें.

यास्तव उपवासापूर्वीं डॉक्टरांस विचारावें. मात्रा आपल्या मनानें बदलूं नये. घाम, कांपरें, असंबद्ध बोलणें हीं साखर उतरल्याचीं चिन्हें होत. ती ७० मिलिग्रॅमच्या खालीं गेली व माणूस शुद्धीवर असला, तर चहाचे तीन-चार चमचे साखर पाण्यांत विरघळवून द्यावी व १५ मिनिटांनीं पुन्हां तपासावें. शुद्ध हरपली असल्यास तोंडांत कांहींही न घालतां तत्काळ डॉक्टरांची मदत मिळवावी.

आजोबांचें पान नैवेद्याच्या आधीं मांडल्यानें कोणताही देव रागावेल, असें आम्हांस वाटत नाहीं.