निदान आधीं, खर्च मागाहून

वास्तुकलेच्या महाविद्यालयांत शिकणारा आमचा नातू परवां लॅपटॉप घेऊन पुढ्यांत बसला. "आजोबा, मोठीं रेखाचित्रें उघडतांना हा अडखळतो. दुकानदार म्हणतो, वीस हजारांत ग्राफिक्स कार्ड बसवून देतों." पेन्शनीवरील गृहस्थास वीस हजार म्हणजे थोडी रक्कम नव्हे, पण मुलाचा अभ्यासही अडतां कामा नये.

जाणत्यांस विचारतां कळलें कीं, मेजावरील संगणकांत कार्ड बदलतां येतें. बहुतेक लॅपटॉपांत मात्र तो भाग मदरबोर्डावर डाख देऊन कायमचा जोडलेला असतो. फ्रेमवर्क १६ सारखे अपवाद विरळा. थंडरबोल्टची सोय असल्यास कार्ड बाहेरून जोडतां येतें. परंतु त्यास निराळी पेटी व वीजपुरवठा लागतो. म्हणजे नाकापेक्षां मोती जड!

मग यंत्र उघडून पाहिलें. पंख्यांत धूळ साचलेली, आणि आठ जीबी रॅमची एकच पट्टी. स्वतंत्र कार्ड नसलेल्या यंत्रांत चित्रांचें कामही याच रॅमवर चालतें. धूळ झाडली, तेवढीच दुसरी पट्टी बसविली. अडखळणें पुष्कळ कमी झालें. अतिशय मोठीं कामें तो महाविद्यालयांतील संगणकावर करतो. उरलेली रक्कम पुढील यंत्रासाठीं राखून ठेविली आहे.

वाचकहो, नाडी पाहिल्यावांचून मात्रा देणारा वैद्य आपण दारांत उभा करीत नाहीं. मग यंत्राच्याच बाबतींत आपण इतके उतावीळ कां व्हावें?