तुमची पॅशन, आमचं खूळ

रविवारी सकाळी सातनंतर गुंजवण्याला आलात तर गाडी लावायला जागा मिळत नाही. मार्गासनी, साखर मागे टाकत पुण्याच्या गाड्या पहाटेपासून येत असतात. सगळ्यांना चोर दरवाजाच्या वाटेनं राजगड चढायचा असतो.

पार्किंगच्या पावत्या फाडणारा पोरगा सोळा वर्षांचा आहे, माझा पुतण्या लागतो. जरा उसंत मिळाली की तो मोबाईल दगडाला टेकवतो, केस मागे सारतो आणि कॅमेऱ्याकडे स्लो मोशनमध्ये चालत येतो. मागे कुठल्यातरी साऊथच्या पिक्चरचं म्युझिक. मागच्या पावसाळ्यात एका गाडीतल्या काकांनी हे बघितलं आणि बायकोला म्हणाले, "बघ, यांना कामधंदा नाही. दिवसभर रील्स." पोरगा पहाटे पाचपासून भर पावसात गाड्या लावत होता, काकांचीसुद्धा त्यानंच लावली होती. मग काका गडाकडे तोंड करून कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि त्यांच्या मुलानं ड्रोन उडवला. तीन टेक झाले.

हा लेख त्या काकांसाठी आहे. ते वाचणार नाहीत. पण तुमच्यातले बरेच जण त्यांच्या गाडीत मागच्या सीटवर बसलेले असतात, म्हणून तुम्हाला सांगतो.

आपल्याकडे स्वप्नाला नाव मिळतं ते घराचं भाडं बघून. कोथरूडच्या फ्लॅटमधल्या पोरानं गिटार घेतली तर ती पॅशन. हमालाच्या पोरानं ढोलकी घेतली तर नाद. तिथल्या पोराच्या खोलीत मेस्सीचं पोस्टर असतं, ते 'इन्स्पिरेशन'. इथं पत्र्याच्या भिंतीला हिरोचा फोटो चिकटवला की खूळ. त्यानं एक वर्ष काहीच केलं नाही तर 'गॅप इयर', ह्यानं दोन महिने केलं नाही तर उनाड. म्हणे, पोरं वास्तवात जगत नाहीत. वास्तव काय असतं ते माझ्या पुतण्याला काकांपेक्षा जास्त माहीत आहे. तो त्यात रोज बारा तास असतो. बाहेर पडायला त्याच्याकडे तीस सेकंद आहेत.

माझे अण्णा १९८२ साली सोळा वर्षांचे होते. आजोबा गिरणीत होते आणि लालबागच्या एका खोलीत आमच्याकडची आठ-दहा माणसं पाळीपाळीनं झोपायची. त्या वर्षी १८ जानेवारीला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. जुलै उजाडेपर्यंत घरातली भांडी विकायला निघाली होती. आणि त्याच जुलैत बंगळुरूला 'कुली'च्या शूटिंगमध्ये अमिताभला मार लागला. त्याला मुंबईत ब्रीच कँडीला आणलं. श्रावण चालू होता. अण्णांनी अमिताभसाठी मारुतीचे श्रावणी शनिवार धरले. आत्या सांगते, आजोबांनी कानाखाली वाजवली होती. "घरात दाणा नाही आणि तू त्या नटासाठी उपास करतोस?" अण्णा म्हणाले होते, "दाणा नाही तर उपासच की. नाव तरी चांगल्या माणसाचं घेतो."

हा किस्सा सांगितला की शहाणी माणसं हसतात. बाप संपावर, आणि पोरगा नटासाठी उपाशी. तेही प्रोफेसर-कवीच्या मुलासाठी, जो दोनच वर्षांनी अलाहाबादेतून खासदार झाला. आजोबांना गिरणीनं शेवटपर्यंत परत घेतलं नाही. अमिताभनं आम्हाला काय दिलं, असं विचारायचं तर विचारा, उत्तर आहे.

'दीवार' १९७५चा. त्यात एक बूटपॉलिशवाला पोरगा आहे. गिऱ्हाईक पैसे फेकतं, तर तो ते उचलत नाही, हातात द्यायला लावतो. तोच पुढे गोदीतला हमाल होतो. सलीम-जावेदनं हा सीन लिहिला आणि अण्णांच्या हाडात तो जाऊन बसला. आज अण्णा साठीला आले. गुंजवण्यात ट्रेकर लोकांना पिठलं-भाकरी करून घालतात. दोन वर्षांपूर्वी एकानं गाडीत बसल्या बसल्या दोनशेची नोट खिडकीतून टाकली. नोट चिखलात पडली. अण्णा म्हणाले, "उचला आणि हातात द्या." तो माणूस खाली उतरला. चिखलाची नोट पुसून हातात दिली. कुठल्या शाळेत शिकवतात हे? अण्णा सातवी आहेत.

लालबागच्या त्याच खोलीत दुसरा हिरो होता दादा कोंडके. नायगावच्या गिरणी कामगाराच्या घरात वाढलेला, मूळ गाव भोर तालुक्यातलं इंगवली. म्हणजे डोंगरापलीकडचा आपलाच माणूस. 'सोंगाड्या' १९७१ला आला तेव्हापासून सुशिक्षितांनी त्याच्या नावानं नाक मुरडलं आणि चोरून बघितलंही. लोंबती नाडी, ढगळी चड्डी, बावळट चेहरा. गावाहून आलेल्या पोरांना पहिल्यांदा पडद्यावर स्वतःसारखं कुणीतरी दिसलं, आणि शेवटी जिंकत होतं. त्याचे नऊ सिनेमे रौप्यमहोत्सवी झाले, गिनीज बुकात नोंद आहे. ती तिकिटं काढली कुणी?

आणि हो, ज्या गडावर तुम्ही ड्रोन उडवता त्याची गोष्ट तरी कुठून सुरू होते? परंपरा सांगते की १६४५ साली भोरजवळ रायरेश्वराच्या देवळात शिवाजीराजांनी मावळातल्या सवंगड्यांबरोबर शपथ घेतली. राजांचं वय पंधरा. आज पंधरा वर्षांची दहा पोरं डोंगरातल्या देवळात जमून असलं काही बोलायला लागली, तर आपण आधी विचारू, "दहावीचा क्लास लावलाय का?"

आता माझ्याच बाजूचं बोलतो, नाहीतर म्हणाल हा पोरांना डोक्यावर चढवतोय.

त्या पार्किंगवाल्या पोराचा थोरला भाऊ एकवीस वर्षांचा आहे. पोलीस भरतीसाठी तीन वर्षं साखरेच्या रस्त्यावर पहाटे पळतोय. सोळाशे मीटर, शंभर मीटर, गोळाफेक. खाकीचं स्वप्न त्याचं स्वतःचं होतं, कुणी दिलेलं नव्हतं. मग एका दादांनी त्याला हेरलं. पेट्रोल दिलं, टी-शर्ट दिला, 'वाघ' म्हणाले. दादांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर कोपऱ्यात शिक्क्याएवढा फोटो लागला. घरी सगळ्यांनी तो बघायला जाऊन आलो, मीही गेलो. आठ महिन्यांनी मिरवणुकीत हाणामारी झाली. गुन्ह्यात नाव पोराचं. दादांचं नाही, दादा स्टेजवर होते. आता मैदानात कितीही मार्क पडू देत, चारित्र्य पडताळणीत तो गुन्हा आडवा येणार.

अमिताभनं अण्णांना कधी डिझेल दिलं नाही आणि त्या बदल्यात काही मागितलंही नाही. फरक एवढाच आहे आणि तो फार मोठा आहे. सोळाव्या वर्षी ज्याला आपण मनात देव्हाऱ्यात बसवतो, तो लांबचा असतो म्हणून तो आपला असतो. त्याच्याशी आपण वाट्टेल ते बोलतो, त्याच्यात आपल्याला हवं ते भरतो. जो हिरो मोटारसायकलची टाकी भरून देतो, त्यानं तुमचं स्वप्न भाड्यानं घेतलेलं असतं. काकांना राग यायचाच असेल तर ह्याचा यावा. पण त्यांच्या सोसायटीच्या गेटवर त्याच दादांच्या शुभेच्छा लटकत असतात आणि त्या कुणी काढत नाही.

राग मला घरातल्यांचाही आहे. माझी पुतणी चौदा वर्षांची आहे. तिची आई शनिवार-रविवार गडावर ताक विकते, ही कॅन उचलून बरोबर चढते. २ नोव्हेंबर २०२५च्या रात्री नवी मुंबईत आपल्या बायकांनी वर्ल्ड कप जिंकला, तेव्हा तिनं सगळी मॅच माझ्या फोनवर बघितली. तेव्हापासून धुणं बडवायचं लाकूड घेऊन अंगणात उभी राहते. ती उजवी आहे. पण सांगलीची स्मृती मानधना डावरी, म्हणून ही डाव्या हातानं खेळते. दहातले आठ बॉल हुकतात. डोळे मिटून हात वर करते, म्हणजे सेंच्युरी झाली.

परवा अण्णांनी ते लाकूड काढून घेतलं. "पोरीच्या जातीला ही थेरं कशाला? आधी भांडी घास." पोरांच्या रील्सवर ते असं बोलत नाहीत. मी म्हणालो, "अण्णा, तुम्ही अमिताभसाठी श्रावणभर उपास केले, मार खाल्ला, तरी सोडले नाहीत. आणि हिचं लाकूड घेता?"

अण्णा बराच वेळ चुलीत फुंकत बसले. मग म्हणाले, "श्रावणभर नाही. एकच शनिवार केला होता. आत्या वाढवून सांगते."

लाकूड अजून त्यांच्याच खाटेखाली आहे.