‘वय झाले’ म्हणण्यापूर्वी

पाऊस परतीच्या वाटेला लागतो आणि १ ऑक्टोबरचा ज्येष्ठ नागरिक दिन बहुधा आपल्या दसऱ्याच्या आगेमागेच येतो. जग हा दिवस १९९१पासून पाळते; आपण तर सोने हाती देऊन वडीलधाऱ्यांच्या पाया पडणारी माणसे, आपल्याला ठरावाची वाट पाहावी लागली नाही. तरी यंदा वाकताना ते पाय जरा निरखून पाहावेत. पाऊल जमिनीला खिळल्यासारखे उचलत नसेल, वळताना चालणे अडखळत असेल, जोडीला विसराळूपणा वाढून लघवीवरचा ताबा सुटू लागला असेल, तर ‘आता वय झाले’ हे आपले ठेवणीतले उत्तर थोडे आवरलेले बरे.

मेंदूतल्या पोकळ्या पाण्याने फुगतात, पण कमरेत सुई घालून मोजलेला दाब मात्र नेहमीसारखाच निघतो, अशा या आजाराचे नाव नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस. बोगोटाचे डॉ. सालोमोन हाकिम यांनी अपघातात डोक्याला मार लागून निपचित झालेल्या १६ वर्षांच्या मुलाचे १५ मिलिलीटर पाणी काढले, आणि तो बोलू लागला. पुढे १९६५ साली त्यांनी डॉ. रेमंड ॲडम्स यांच्यासह हा आजार वैद्यकविश्वापुढे मांडला. पाणी पोटाकडे वळवणारी शंट नावाची नळी बसवली की कित्येकांचे चालणे सुधारते. वार्धक्याच्या दुखण्यांत असे भाग्य विरळाच.

परंतु हे भाग्य ओळखायचे कसे, यावर अजून पुरते एकमत नाही. वयाने मेंदू आकसला तरी पोकळ्या मोठ्या दिसतात, अल्झायमरमध्येही दिसतात. म्हणून स्कॅनवर पोकळ्यांची रुंदी कवटीच्या तुलनेत मोजणारा इव्हान्स निर्देशांक ०.३च्या वर गेला एवढ्यावर निदान होत नाही. मग पाणी काढून पाहायचे आणि माणूस पुन्हा चालवायचा. इथेच घोटाळा होतो. कुठे ३० मिलिलीटर काढतात, कुठे ५०; कोणी तासा-दोन तासांत चालवून पाहते, कोणी दुसऱ्या दिवशी; कोणी पावले आणि सेकंद मोजते, तर कोणी नुसते ‘बरे वाटते का’ विचारते. (भिडस्त आजोबा डॉक्टरांना वाईट वाटू नये म्हणूनही ‘हो’ म्हणतात!) २००५मध्ये आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे आली, जपानने तर आपली तत्त्वे वेळोवेळी सुधारली, तरी रीत दवाखान्यागणिक बदलतेच.

एकसारखी मोजणी हीदेखील ज्येष्ठांची सेवाच आहे, आणि ती महागही नाही: आखलेले १० मीटर अंतर, एक घड्याळ, आधीचे आणि नंतरचे चालणे टिपणारा मोबाइल. चाचणीने फरक दिसला नाही म्हणून आजार नाहीच असे ठरत नाही. शंटचा उपयोग होऊ शकणारे काहीजण तिच्यातून निसटतात. मात्र किती पाणी काढले, किती वेळाने चालवले हे फाइलमध्ये लिहिलेच नसेल, तर सहा महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरांनी तुलना करायची कशाशी?