गृहोद्योग : चिंध्यांची बाहुली

सासूबाईंच्या पश्चात् त्यांचें जीर्ण लुगडें बोहारणीला देववेना, आणि पेटींत ठेवावें तर तें घडीवरच विरूं लागलें. शेवटीं त्याची बाहुली केली. अमेरिकेंतील कित्येक गृहिणी अशा ओबडधोबड बाहुल्या मुद्दाम जुन्या भासाव्या म्हणून कापड चहाच्या अगर कॉफीच्या पाण्यांत रंगवितात व घरांत शोभेस मांडतात. तीच युक्ति भगिनींनीं येथें योजावी.

कृति : मांजरपाट धुऊन खळ काढावी, कढत कोऱ्या चहांत भिजवून तो सावलींत वाळवावा. दुपदरी करून त्यावर वीतभर बाहुली आंखावी. बारीक टाक्यांनीं शिवतांना कुशीस दोन बोटें जागा ठेवावी. तेथून ती उलटून कापूस भरावा. मानेंत अधिक ठासावा, नाहीं तर डोकें कलतें. नाक-डोळे काळ्या दोऱ्यानें काढावे. मणी लावूं नयेत. लहान मुलें तोंडांत घालतात. विरलेल्या लुगड्याचाहि काठ बहुधा शाबूत असतो. तो साधून बाहुलीस नेसवावें.

माझ्या बाहुलीचे डोळे वरखालीं झाले. ती कोनाड्यांत बसविली, तेव्हां मामंजी कांहींच बोलले नाहींत. दुसऱ्या दिवशीं मात्र कोनाड्याची धूळ त्यांनीं स्वतः पुसली.