डिकी कापली, गाडी उंच केली

दसऱ्याला दाजींनी नवी गाडी काढली. चार मीटरच्या आतली क्रॉसओव्हर, लाल रंग, एमएच १५, चाकाखाली लिंबू, बॉनेटवर झेंडूचा हार. मीही पेढा खाल्ला, फोटोत उभा राहिलो. गाडीचं नाव सांगत नाही, कारण दोष त्या गाडीचा नाही आणि दाजींचाही नाही.

दिवाळीनंतरच्या रविवारी त्याच गाडीतून वणीच्या गडावर जायचं ठरलं. दाजी, ताई, भाची, आई आणि मी. गडावरून उतरून दिंडोरीच्या मळ्यावर मुक्काम. म्हणजे पाच जणांच्या बॅगा, फराळाचे दोन डबे, मळ्यावरच्यांसाठी कपड्यांचं एक गाठोडं आणि आईची घडीची व्हीलचेअर. आईचे गुडघे गेलेत. पन्नास पावलांपुढे तिला चालवत नाही. गडावर २०१८ पासून ट्रॉली सुरू झाल्याने पायऱ्यांचा प्रश्न मिटलाय, पण गाडीपासून ट्रॉलीपर्यंत आणि वर उतरल्यावर खुर्ची लागतेच.

डिकी उघडली. खुर्ची ठेवली की बॅगा बाहेर, बॅगा ठेवल्या की खुर्ची बाहेर. दाजींनी ती आडवी घालून पाहिली, उभी घालून पाहिली, पाय ठेवायच्या पट्ट्या काढून पाहिल्या. मागच्या सीटवर तिघं बसणार, त्यामुळे सीट पाडायची सोय नाही. वीस मिनिटं झाली तेव्हा आईच म्हणाली, "राहू दे रे ती खुर्ची. मी खालीच बसते. खालून हात जोडले तरी तिला पोचतात."

आम्ही चौघं वर जाऊन दर्शन घेऊन आलो. आई दोन तास खाली बाकावर बसून होती.

तेव्हापासून डोकं भणभणतंय, म्हणून हे लिहितोय. गाडीवरची पोस्ट आहे, पण गाड्यांच्या हौशीची नाही.

माझ्याकडे २०११ ते २०१९ एक सेकंडहँड इंडिगो मरीना होती. स्टेशन वॅगन. तरुण मित्रांसाठी सांगतो: स्टेशन वॅगन म्हणजे सेडानचंच धूड, पण छत मागेपर्यंत सरळ नेलेलं आणि डिकीला वर उघडणारं मोठं दार. बसायला सेडान, सामानाला छोटा टेम्पो. (वॅगन आर म्हणजे वॅगन नव्हे. ती फक्त नावाला.) गल्लीत पहिल्या दिवशी लोकांनी विचारलं, "काय राव, अँब्युलन्स घेतली का?" एकाने तर शववाहिका म्हटलं. मी हसलो. त्याच शेजाऱ्याने पुढे तीनदा फ्रिज, कूलर आणि मुलीच्या हॉस्टेलचं सामान न्यायला ती गाडी मागून नेली. पिंपळगावहून टोमॅटोचे क्रेट आणले, आईला दवाखान्यात मागे आडवी झोपवून नेलं. २०१५ च्या सिंहस्थात मी आणि आमचा फोटोग्राफर रात्री मागची सीट पाडून त्यातच झोपायचो आणि पहाटे उठून शाहीस्नान गाठायचो. गाडी म्हातारी झाली तेव्हा विकली. तशी दुसरी घ्यायला गेलो तर बाजारात नव्हतीच.

आपल्या देशात वॅगन आलीच नाही असं नाही. टाटांची इस्टेट १९९२ साली आली, पुढे मारुतीची बलेनो अल्टुरा, फियाटची सिएना वीकेंड, ओपलची कोर्सा स्विंग, स्कोडाची ऑक्टाव्हिया कॉम्बी आणि २००४ ला मरीना. सगळ्या गेल्या. शोरूमवाल्यांना विचारा, ते म्हणतील, "ग्राहकालाच नको होती." हे अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं बजेटच्या कागदात आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही.

२००६ च्या बजेटमध्ये छोट्या गाडीची व्याख्या आली. लांबी ४००० मिलिमीटरपर्यंत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० सीसीपर्यंत. या मापात बसलात तर एक्साइज २४ वरून १६ टक्के, पुढे २००८ ला १२. मापाबाहेर गेलात की २४. झालं! त्या दिवसापासून हिंदुस्थानातला मोटार इंजिनिअर हातात फुटपट्टी घेऊन डिकी कापत बसलाय. इंडिगोची शेपटी छाटून २००८ ला इंडिगो सीएस आली, ३९८८ मिलिमीटर. २०१२ ला डिझायर कापली, ३९९५. पुढच्या वर्षी इकोस्पोर्ट आली, ३९९९ मिलिमीटर, आणि स्टेपनी मागच्या दाराला टांगलेली. एका मिलिमीटरने पास!

आणि आपल्या नाशिकचं उदाहरण तर फारच बोलकं आहे. २००७ पासून महिंद्रा-रेनोची लोगान इथेच बनायची. सव्वाचार मीटर लांब, त्यामुळे कराच्या सवलतीतून बाहेर. तीच लोगान रोमानियात डाचिया कंपनी बनवायची आणि तिथे २००६ पासून तिची स्टेशन वॅगन होती, एमसीव्ही नावाची. पाच जण बसवून मागे ७०० लिटर सामान! ती खेडेगावातल्या, बेताच्या कमाईच्या माणसाची गाडी होती, श्रीमंतांची नव्हे. आपल्याकडे ती बहीण आलीच नाही. आपल्याकडे काय आलं? लोगानची व्हेरिटो झाली आणि २०१३ साली त्या व्हेरिटोची मागची बाजू छाटून व्हेरिटो व्हाइब आली, चार मीटरच्या आत. एकच गाडी. तिकडे सामानासाठी लांब केली, इकडे करासाठी तोडली. मागून पाहिली की कुणीतरी दार लागताना शेपटी अडकवून घेतल्यासारखी दिसायची.

लांबी गोठली. मग गाडी "मोठी" दिसायला उरलं काय? उंची. बॉनेट उचला, चाकाभोवती काळं प्लास्टिक लावा, छतावर दोन रेल बसवा, ज्यांना आयुष्यात कुणी काही बांधणार नाही, आणि नाव द्या कॉम्पॅक्ट एसयूव्ही. ब्रेझा २०१६, नेक्सॉन २०१७, आपल्या नाशिकचीच एक्सयूव्ही ३०० मग २०१९. चांगल्या गाड्या आहेत, मजबूत आहेत, नाकारत नाही. सातपूर-अंबडच्या पगारावर या शहरातली कितीतरी घरं उभी आहेत, माझ्या नात्यातलीही. पण एक्सयूव्ही ३०० ची डिकी अडीचशे लिटरच्या जरा वर होती, हेही खरंच ना? यांतली जवळपास एकही गाडी चारही चाकांनी ओढत नाही. इंजिन पुढची दोनच चाकं फिरवतं, जशी माझ्या मरीनाची फिरवायचं. चिखलात रुतली की ट्रॅक्टर दोघींनाही लागतो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदलला. टाळ्या वाजल्या. छोटी गाडी १८ टक्के, बाकी पेट्रोल-डिझेल गाड्या ४०. छोटी म्हणजे कोणती? तीच २००६ ची चार मीटरची रेघ! हिशोब मांडून बघा. कराआधी ८ लाखांची गाडी, इंजिन तेच १२०० चं पेट्रोल. लांबी ३९९५ असेल तर कर १ लाख ४४ हजार. मागे ३० सेंटिमीटर डिकी वाढवली तर ३ लाख २० हजार. फरक १ लाख ७६ हजार. तेवढ्या जागेत आईची खुर्ची बसली असती. आणि हीच गाडी ३० सेंटिमीटर उंच केली, दोनशे किलो जड केली, तर? एक रुपया जास्त नाही.

पूर्वी निदान एक गंमत होती. लांबी चार मीटरच्या वर, इंजिन १५०० च्या वर आणि ग्राउंड क्लिअरन्स १७० मिलिमीटर किंवा जास्त असला की एसयूव्ही म्हणून एकूण कर ५० टक्क्यांपर्यंत जायचा. उंचीची काहीतरी किंमत होती. आता ४० च्या खान्यात बुटकी आणि धिप्पाड एकाच पंगतीला.

कुणी म्हणेल, लांब गाडी लावायची कुठे? अहो, राज्याच्या बांधकाम नियमात एका गाडीच्या पार्किंगची जागा अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब धरतात. सव्वाचार मीटरची वॅगन त्यात लोळण घेईल. कॉलेज रोडला अडचण लांबीने होत नाही, डबल पार्किंगने होते.

दुसरं उत्तर ठरलेलं: "एर्टिगा आहे की!" आहे. आणि माझ्याच बाजूची साक्षीदार आहे. बसकी, लांब, तिसरी रांग पाडली की ५५० लिटर. सुमडीत वॅगनच ती. लोक रांगा लावून घेतात, म्हणजे लोकांना सामानाची जागा हवीच आहे, फक्त "वॅगन" शब्द नको. पण ती चार मीटरच्या बाहेर, म्हणून ४० टक्क्यांत. बेताच्या पगाराच्या माणसाला वरची उडी परवडत नाही. तो दाजींसारखा खालच्या खान्यात येतो आणि खुर्ची घरी ठेवतो.

आता रस्त्यांकडे येतो, कारण सगळ्यात जोरात हेच तोंडावर फेकलं जातं. "नाशिकच्या रस्त्यांवर बुटकी गाडी? पोट घासेल!" बरोबर आहे. माझ्या मरीनाचं दोनदा घासलं, एकदा सायलेन्सर तुटून हातात आला. पण घासलं कशाला? इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गोल गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद सांगितलाय. आपल्याकडच्या साध्या सेडानच्या पोटाखाली १६-१७ सेंटिमीटर जागा असते. हिशोबाने घासायलाच नको. मागच्या आठवड्यात टेप घेऊन आमच्या कॉलनीच्या तोंडाशी गेलो. गतिरोधक १८ सेंटिमीटर उंच, रुंदी जेमतेम एक मीटर. तो गतिरोधक नाही, बांध आहे. पुढच्या चौकातला १६. भाजीवाली मावशी विचारत होती, "काय मोजतोस रे, परत खोदणार का?"

क्रॉसओव्हरला यापेक्षा जास्त मिळतं किती? साधारण दोन बोटं. या दोन बोटांसाठी प्रत्येक घर लाख-दोन लाख जास्त मोजतंय, जास्त तेल जाळतंय आणि वर म्हणतंय, "मला खड्डे जाणवत नाहीत." ज्याला खड्डे जाणवत नाहीत तो खड्ड्यांबद्दल बोलायचं सोडतो. माझा खरा राग इथे आहे. रस्ता नीट करणं हे ज्यांचं काम त्यांची यातून सुटका झाली. खड्ड्याचं बिल आपण शोरूममध्ये भरतो, हप्त्याने, पाच वर्षं. आणि ज्याच्याकडे क्रॉसओव्हर नाही, स्कूटीवर मुलाला शाळेत सोडणारी बाई, रिक्षावाला, सायकलवरचा कंपनी कामगार, तो त्याच खड्ड्यात आपटतो. त्याच्या बाजूने ओरडायला गाडीवाला आता उरलेला नाही, कारण गाडीवाला उंच बसलाय.

उंच बसण्याचंही बोलू. आईला दाजींच्या गाडीत चढणं-उतरणं मरीनापेक्षा सोपं गेलं, हे मान्य. मरीनात बसताना ती "आई गं" म्हणायची. सीट कमरेच्या उंचीला असली की म्हाताऱ्या माणसाला बरं पडतं. हा एक मुद्दा मी क्रॉसओव्हरला खुशाल देतो. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यावर पावसाळ्यात जाणाऱ्याला तर उंच गाडीच पाहिजे, त्याला मी मरीना घे म्हणणार नाही. तो बोलेरो घेतो आणि बरोबर करतो. पण गंगापूर रोड ते मुंबई नाका एवढीच ज्यांची मोहीम, त्यांचं काय? "वरून रस्ता दिसतो" म्हणतात. पुढचाही उंचच घेऊन उभा असतो, दिसतं त्याचं मागचं दार. आणि बॉनेटसमोरचं लहान पोर मात्र दिसत नाही. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या रस्ता सुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये हजारो अपघात तपासून सांगितलं की ४० इंचांपेक्षा उंच बॉनेटची गाडी पादचाऱ्याला धडकली तर तो दगावण्याची शक्यता बुटक्या, उतरत्या बॉनेटच्या गाडीपेक्षा सुमारे ४५ टक्के जास्त असते. आपल्या कॉम्पॅक्ट गाड्या तेवढ्या उंच नाहीत, पण दर नव्या मॉडेलला बॉनेट वरच चाललंय आणि रविवार कारंज्याच्या गर्दीत ज्या धिप्पाड गाड्या घुसतात त्या चाळिशीच्या जवळपास सहज जातात. पॅरिसच्या लोकांनी २०२४ ला मतदान करून बाहेरून येणाऱ्या जड एसयूव्हींचं पार्किंग तिप्पट महाग केलं. इथे आपण त्यांना हार घालतो.

माझं मागणं मोठं नाही. कर लावायचाय तर वजनावर लावा, उंचीवर लावा, इंजिनावर तर आहेच. पण ३० सेंटिमीटर डिकीसाठी १८ चे ४० करू नका. गाडी लांब असणं हा गुन्हा नाही. लांबीत बापाची पेटी बसते, द्राक्षाचे क्रेट बसतात, पोरीचं हॉस्टेलचं कपाट बसतं. आपले खासदार दिल्लीत कांद्यावर बोलतात, त्याच दमात एकदा या रेघेबद्दलही विचारावं.

तोवर एक काम आपल्या हातात आहे. ३१ ऑक्टोबर २०२६ ला सिंहस्थाचं ध्वजारोहण आहे, शहरभर रस्ते उकरून नवे होतायत. डांबर गरम असतानाच गतिरोधकांचं माप घेतलं गेलं पाहिजे, नंतर कुणी हलवत नाही. शिवणकामाचा टेप घरात असतोच. आपापल्या गल्लीतल्या गतिरोधकाची उंची आणि रुंदी मोजा, जागा लिहा, टेप दिसेल असा फोटो काढा आणि मला पाठवा. माझे दोन झालेत, १८ आणि १६. शंभर झाले की यादी करून अर्जासोबत जोडणार आहे आणि पोचपावती इथेच टाकेन.